हसून दाखवा, काकी

गोल चेहऱ्याच्या बाईशी जग कधी सरळ बोलत नाही. लहानपणी ‘गोबरी’ म्हणून गाल ओढतात. लग्न ठरताना ‘मुलगी भरल्या चेहऱ्याची आहे, लक्ष्मी आहे’ म्हणतात. आणि साठी उलटली की तेच लोक त्याच गालांकडे बघत ‘थायरॉईड तपासलंत काय?’ असं काळजीने विचारतात. गाल बिचारे तिथेच असतात. माझा चेहरा तेलातून नुकत्याच काढलेल्या टम्म वड्यासारखा आहे. कोंबडी-वड्यातला वडा म्हणतेय, बटाटेवडा नव्हे. आमच्या माहेरच्या सगळ्याच बायका अशा. आजीचा एकुलता एक फोटो आहे, त्यात नथ आणि गाल एवढंच दिसतं. तिचं कुठे काही अडलं नाही. पण तिला चष्मा नव्हता.

माझी चाळिशी वेळेवर लागली. पोस्टात काउंटरला होते. मुंबईच्या चाळींतून येणाऱ्या मनिऑर्डरींवरची अक्षरं वाचण्यात डोळे कामाला आले होतेच. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की डोळ्यात एक भिंग असतं, जवळचं बघायचं तर ते फुगावं लागतं, आणि वय झालं की ते ताठर होतं, फुगेनासं होतं. मी म्हटलं, कमाल आहे, या वयात बाकी सगळं फुगतं आणि जे फुगायला हवं तेवढंच नेमकं राहतं.

तेव्हापासून माझ्याकडे दोन चष्मे. एक लांबचा, एक जवळचा. जवळचा गळ्यात दोरीला. कुठलाही हवा असला की दुसरा हाताला लागतो, हे आलंच. पण खरी पंचाईत जेवताना. ज्यांनी पेडवे खाल्लेत त्यांना सांगायला नको. बोटभर मासा, चव अशी की दुसरं काही नको, आणि काटे दिसतील न दिसतील असे. जवळचा चष्मा लावला की काटा दिसायचा, पण समोर पाटावर बसलेले आमचे हे धूसर व्हायचे. लांबचा लावला की हे स्वच्छ आणि काटा घशात. बरीच वर्षं मी काटा बघत जेवले.

या दुखण्यावर फार पूर्वी एका मोठ्या माणसाने इलाज काढला होता. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन. फ्रान्समध्ये होते तेव्हा, 1785 साली, त्यांनी एका स्नेह्याला पत्रात लिहिलं की मी एकाच चष्म्यात वर लांबची आणि खाली जवळची अशा अर्ध्या-अर्ध्या काचा बसवून घेतल्यात. जेवताना ताटातलंही दिसतं आणि टेबलापलीकडच्या माणसाचा चेहराही. आणि बोलणाऱ्याचा चेहरा दिसला की त्यांना फ्रेंच जास्त चांगलं कळायचं म्हणे. म्हणजे बायफोकल हा मुळात पंक्तीला बसून सुचलेला शोध. माझ्या सासूबाईंचा होता तसला, दुकानदार त्याला ‘केटी’ म्हणायचे. काचेत खाली एक वाटोळी चकती. ती चकती समोरून दिसायची, आणि सासूबाई तिच्यातून बघायला लागल्या की आपलं काहीतरी चुकलंय हे घरात सगळ्यांना कळायचं.

मला डॉक्टरांनी प्रोग्रेसिव्ह लिहून दिला. हा फ्रान्सचाच. बर्नार्ड मेतना नावाच्या इंजिनिअरने तयार केला, 1959 साली बाजारात आला. वर लांबचं, मधे हातभर अंतरावरचं, खाली जवळचं, आणि कुठेही रेघ नाही. नंबर वरून खाली हळूहळू वाढत जातो. त्याची किंमत म्हणून खालच्या दोन्ही बाजूंना थोडा अंधूक पट्टा राहतो, तो सहन करायचा.

काचेचं ठरलं. उरली फ्रेम. फ्रेमला काय, दहा मिनिटांचं काम, असं समजून आम्ही कुडाळला गेलो.

आता गोल चेहऱ्याच्या बाईने कुठला चष्मा घ्यावा यावर सगळ्या जगाचं एकमत आहे. ठाण्याच्या लेकीने फोनवर सांगितलं, दुकानातल्या मुलाने सांगितलं, भिंतीवरच्या तक्त्यातही होतं. चेहरा गोल असेल तर फ्रेम कोनाची. “काकी, राउंडाक स्क्वेअर घालूचो,” मुलगा म्हणाला, “म्हणजे चेहरो लांब वाटता.” मी विचारलं, गांधीजींचं काय? त्यांचा चष्मा तर इतका गोल की स्वच्छ भारतच्या चिन्हात जाऊन नोटेच्या पाठीवर बसला. तर म्हणाला, त्यांचा चेहरा बारीक होता. बरं, बाबासाहेब? भरला, रुंद चेहरा आणि त्यावर गोल चष्मा, त्यांना कोणी ‘स्क्वेअर घाला’ म्हटल्याचं ऐकिवात नाही. यावर मुलाने मान डोलावली आणि कपाटातून आणखी चार चौकोनी फ्रेम काढल्या.

दुसरं असं की चष्मा निवडायचा तर आधी असलेला चष्मा काढावा लागतो. दुकानातल्या फ्रेममध्ये बिननंबरची काच. ती घालून आरशात बघितलं की एक गोल उजेड आणि त्यावर आडवं काळं काहीतरी. हे आपल्याला शोभतं की नाही, ते काय डोंबल कळणार? म्हणून मग ज्यांना दिसतं ते पंच होतात. ह्यांचं मत प्रत्येक फ्रेमला एकच, “बरो आसा.” लग्नाआधी मला बघून गेल्यावरही घरी हेच म्हणाले होते असं ऐकते. लेक व्हिडिओ कॉलवर. शेजारच्या दुकानात बल्ब घ्यायला आलेला एक गृहस्थही दारात थांबून “तो आधीचा बरा होता” म्हणून गेला. आधीचा म्हणजे कुठला, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

बहुमताने एक काळी शेल फ्रेम ठरली. जाड, चार कोन असे की हात कापावा. फोटोत म्हणे मी फार छान दिसत होते. “आई, दहा वर्षांनी लहान!” लेक म्हणाली. पण त्या फोटोत मी तोंड मिटून, श्वास रोखून बसले होते. चष्म्याच्या फोटोला सगळेच तसे बसतात.

चष्मा तयार होऊन आला आणि पहिल्या दिवशी त्याचा फायदाच झाला, तो सांगायला हवा. बाजारात गेले तर नेहमीची मासेवाली एकदम सावरून बसली. “वैनी, कोणावर रागावलात काय?” म्हणाली, आणि न मागता दोन बांगडे जास्त घातले. पोस्टात असताना हा चष्मा असता तर काउंटरवर रांग सरळ लागली असती.

पण मग मी हसले.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ना तक्त्याने, ना लेकीने. गोल चेहऱ्याचे गाल नुसते गोल नसतात, ते हसताना वर जातात. आणि माझे गाल वर गेले की फ्रेमच्या खालच्या कडेला टेकतात, तिला उचलतात, आणि अख्खा चष्मा भुवयांच्या वर चढतो. साधा चष्मा असता तर दिसायला जरा विनोदी, इतकंच. प्रोग्रेसिव्हमध्ये त्याबरोबर आतले मजलेही सरकतात. वरचं लांबचं पार कपाळावर जातं आणि डोळ्यासमोर वाचायचा नंबर येतो. म्हणजे समोर ज्या माणसाला हसायचं तोच मुळी हसताक्षणी धूसर. हसू आवरलं की परत दिसतो, दिसला की परत हसू येतं.

कार्तिक उलटला, जत्रा सुरू झाल्या. आमच्याकडे जत्रा म्हणजे मध्यरात्रीनंतर दशावतार, आणि सुरुवातीला संकासुर. त्याचे ते काळे कपडे, ती लांब लाल जीभ आणि ते सूत्रधाराला आडवंतिडवं बोलणं. मी लहानपणापासून त्याला हसत आलेय. त्या रात्री मी दोन्ही हातांनी चष्मा खाली धरून बसले होते. मागच्या बाईला वाटलं मी रडतेय. हे कानाशी येऊन म्हणाले, “अगो, हसा नको. हसलंस की चष्मो वर जाता.” नवऱ्याने बायकोला संकासुराच्या खेळात हसू नको म्हणावं, असली वेळ त्या फ्रेमने आणली.

पुढे उन्हाळा. वेंगुर्ल्याच्या मे महिन्यात माणूसच जिथे वितळतो तिथे प्लॅस्टिकची जाड फ्रेम नाकावर काय थांबणार? घाम आला की ती घसरायची आणि हसले की चढायची. दिवसभर तिची ये-जा. शिवाय काड्या दोन्ही कानशिलांवर आवळलेल्या. संध्याकाळी चष्मा काढला की तिथे खोल रेघा, आणि बारीक डोकेदुखी. सुनेने विचारलं, चिडलात का? मी चिडले नव्हते, चष्मा चिडला होता.

जुन्या धातूच्या फ्रेमची आठवण यायला लागली, तर तीही काही साधी नव्हती. समुद्राचं खारं वारं आणि घाम यांनी तिच्या नाकावरच्या पट्ट्यांखाली हिरवं साचायचं. स्वस्त फ्रेमच्या धातूत तांबं मिसळलेलं असतं, त्याचा हा हिरवा कळंक. स्क्रू तर गंजून असा बसलेला की दुकानदाराने एकदा तो काढताना काडीच काढली. आरवलीच्या वेतोबाला लोक मोठमोठ्या चपला वाहतात, तो रात्री गावात फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. चपलांचा देव आहे, तर चष्म्याचाही एखादा असायला हवा होता. मी तरी आत्तापर्यंत दोन-तीन वाहिले असते.

शेवटी पुन्हा कुडाळ. दुकान दुसरं. इथला मुलगा कमी बोलणारा होता, त्याने आधी माझी काळी फ्रेम हातात घेतली आणि काडीच्या आतल्या बाजूला बघितलं. तिथे बारीक आकडे असतात, ते मी इतकी वर्षं दुकानाचा शिक्का समजत होते. 52, मग एक छोटा चौकोन, मग 18, आणि पुढे 140. काच 52 मिलिमीटर रुंद, दोन काचांमधला पूल 18, आणि काडी 140. “काकी, चेहरो रुंद आसा म्हणान मोठी काच दिली तुमका,” तो म्हणाला. “पण डोळे खय लांब लांब आसत?” मला हे एकदम पटलं. चेहरा रुंद असला म्हणून दोन डोळे काही एकमेकांपासून फटकून राहत नाहीत. मोठी काच घातली की डोळे नाकाशी गोळा झालेले दिसतात आणि काचेची बाहेरची जाड कड वाया. रुंदी हवी ती काचेबाहेर, जिथे काडी जोडतात त्या बिजागरीपाशी. म्हणजे कानशिलंही सुटतात.

आणखी एक भांडण त्याने उलगडून दाखवलं. गोल चेहऱ्याला शोभते ती कमी उंचीची, आडवी फ्रेम. पण प्रोग्रेसिव्हचे तीन मजले बसायला उंची लागते, बाहुलीपासून काचेच्या खालच्या कडेपर्यंत साधारण 18 मिलिमीटर तरी हवेत. उंची दिली की कड गालाला लागते. शोभा एकीकडे ओढते, नंबर दुसरीकडे, आणि मधे माझे गाल. आधीच्या दुकानात हे कोणी बोललंच नव्हतं, तिथे सगळी चर्चा मी लांब दिसते की नाही यावर चालली होती.

मग त्याने टायटॅनियमची एक फ्रेम काढली. वरची कड जवळजवळ सरळ, भुवयांच्या बरोबर, आणि खालचे कोपरे वळवून घेतलेले. वर स्क्वेअर, खाली राउंड. ही गंजत नाही, हिरवी पडत नाही, आणि नाकावरच्या पट्ट्या तारेवर असल्यामुळे वाकवता येतात. किंमत ऐकून हे बाहेर जाऊन आले. तेवढ्या पैशांत किती सुरमई येतात याचा हिशेब करत असावेत.

फ्रेम घातली. मुलगा समोर स्टुलावर बसला आणि म्हणाला, “आता हसान दाखवा, काकी.”

सांगितलं की हसू येत नाही, हा साठ वर्षांचा अनुभव. मी दात दाखवले. “असां नाय, खरां खरां.” मी ह्यांना म्हटलं, काहीतरी विनोदी सांगा. हे घसा खाकरून एक गोष्ट सांगायला लागले, बँकेतल्या कुठल्या साहेबाची, जी मी लग्नापासून ऐकतेय आणि जिच्यात अजून विनोदाची जागा आलेली नाही. मुलगा गंभीर, मी गंभीर. गोष्ट संपली तसे हे ओशाळले आणि हाताला चाळा म्हणून ट्रेमधली एक फ्रेम उचलून त्यांनी डोळ्यांवर चढवली. गुलाबी, दोन्ही टोकांना मांजरीचे कान काढलेली, कोणा कॉलेजच्या मुलीची असावी. आणि त्या चष्म्यातून माझ्याकडे बघत म्हणाले, “बरो आसा?”

मी अशी हसले की दुकानाचा काउंटर हलला. तो मुलगा मात्र हसला नाही. पट्टी घेऊन पुढे झाला, गालापाशी वाकून बघितलं, म्हणाला, “दोन मिलिमीटर वर जाता.” फ्रेम काढली, नाकाच्या पट्ट्या चिमट्याने किंचित आत घेतल्या, खालची कड गालाकडे फार झुकली होती ती जरा सरळ केली. पार सरळ नाही, वाचायला थोडं झुकणं लागतंच म्हणे. परत घातली. मला परत हसायला लावलं, म्हणजे ह्यांना परत तो गुलाबी चष्मा घालायला लावला. मग काड्यांची टोकं गरम मण्यांच्या भांड्यात खुपसून मऊ केली आणि कानामागचं वळण माझ्या कानाला लावून लावून बसवलं. एकदा चटका बसला. दोन्ही कान एका पातळीत नाहीत हेही मला त्या दिवशी कळलं. डावा खाली आहे. शेवटी मार्करने दोन्ही काचांवर बाहुलीसमोर एकेक ठिपका दिला, “सरळ माझ्या नाकाकडे बघा” म्हणाला, आणि दोनदा पुसून परत दिला. नंबर त्या ठिपक्यापासून मोजून बसवतात. एवढा वेळ आधीच्या दुकानात माझ्या नाकाला कोणी दिला नव्हता.

चष्मा आला. सवय व्हायला वेळ लागतो हे सांगितलेलं होतंच. डोळे फिरवायचे नाहीत, नाक फिरवायचं. ज्याच्याकडे बघायचं त्याच्याकडे नाक. म्हणून मी आठवडाभर पूर्ण मान वळवून लोकांकडे बघत होते, आणि वाडीत ‘वैनींची मान धरलीहा’ असं झालं. पायऱ्या उतरताना हनुवटी छातीला टेकवायची, नाहीतर खालच्या मजल्यातून पायरी भलतीकडेच दिसते. आमच्या मागच्या दाराच्या पायऱ्या मी काही दिवस कठड्याला धरून, देवाचं नाव घेत उतरले. सकाळी पेजेचं झाकण काढलं की दोन्ही काचा पांढऱ्या, त्यावर टायटॅनियमकडेही औषध नाही. पदराने पुसायच्या. काच पदराने पुसू नका, ओरखडे जातात, असं कागदावर छापून दिलंय. कागद जवळच्या नंबरातून स्वच्छ वाचता आला.

आणि मग एक दिवस पेडवे आणले. तिखलं केलं. ताटात बघितलं, काटा दिसला. मान वर केली, समोर हे दिसले. सगळे दिसले, नाक, कपाळ, सगळं. मी घास हातात धरून विचारलं, “मिशी कधी काढलात?”

“गेल्या चतुर्थीक,” म्हणाले, आणि भात मागितला.

लेकीला फोटो पाठवला, हसतानाचा. तिचं उत्तर आलं की आधीच्या फ्रेममध्ये चेहरा जास्त लांब वाटायचा. मी लिहिलं, वाटू दे. लांब चेहरा करून बसायची हौस भागली माझी.

नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला. आता तो घरी बसून होतो. पोस्टमन मोबाईल घेऊन येतो, चेहरा दाखवायचा, डोळे मिचकावायचे, झालं. पोस्टमन आमच्याच ऑफिसचा, माझ्या हाताखालून गेलेला. मी केस विंचरले, नवा चष्मा पदराने पुसला आणि ओटीवर उजेडात खुर्ची टाकून बसले. म्हटलं, एवढे पैसे घातलेत, सरकारनेही बघावा. त्याने फोन समोर धरला, मान तिरकी केली, जवळ आला, लांब गेला.

“मॅडम, चष्मो काढा हां जरा. चमकता.”

काढला. मांडीवर ठेवला. समोर एक धूसर पोस्टमन आणि त्याच्या हातात धूसर चौकोन. डोळे मिटले, उघडले. परत मिटले. “हसा नको,” तो म्हणाला. फोनमधून टिंग असा आवाज आला आणि पडद्यावर काहीतरी हिरवं उमटलं.

“काय म्हणता?” मी विचारलं.

हे मागून वाकले, लांब धरून वाचलं आणि म्हणाले, “जिवंत आसस.”